आई, पाट्टी आणि बाबेलचा मनोरा

खाडीपलीकडचा | रविवार, रात्री ९:५०

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय अर्धा घरगुती, अर्धा देवाधर्माचा. कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून सरळ गप्पांत टाकतोय.

नेरूळला सिडकोच्या बिल्डिंगीत आमच्या समोरच्या दारात पाट्टी (तमिळमध्ये आजी) राहतात. कुंभकोणमकडच्या. मुलगा इथं नोकरीला, म्हणून वीसेक वर्षांपूर्वी आल्या. माझी आई जुन्नरकडची. आईला तमिळ येत नाही, पाट्टींना मराठी येत नाही, आणि हिंदी दोघींची सारखीच दिव्य. तरी दर फाल्गुनात आमच्या गच्चीवर एक चटई आईच्या कुरडयांची आणि एक पाट्टींच्या वडामांची, म्हणजे तमिळ कुरडयांची. आईचा सोऱ्या लाकडी, त्यांचा साचा पितळी. कावळा आला की आई 'हाड हाड' करणार, पाट्टी 'पो पो' करणार. कावळ्याला दोन्ही कळतं. चीक शिजत असताना पाट्टी पळीच्या टोकावरचा थेंब चिमटीत घेतात, दोन बोटं लांब करून तार बघतात आणि आईकडे बघून मान हलवतात. मग आई गॅस बंद करते. एवढ्या बोलण्यावर वीस वर्षं चाललं.

दिवेलागणीला आई हरिपाठ म्हणते. दोन्ही दारं उघडी असतात. 'हरि मुखे म्हणा' आलं की समोरून पाट्टींचा आवाज येतो. सुरात. आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा बरा.

तर यंदा माझ्या मुलाने आजीच्या फोनमध्ये बोललेलं भाषांतर करणारं ॲप टाकून दिलं. पाट्टींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय दिवाळीनंतर. आईने फोन तोंडासमोर धरला आणि आकाशवाणीवर बोलावं तसं बोलली : "यंदा आपण कुरडया घालू. तुम्ही त्रास घेऊ नका, नुसतं बसा." फोन तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. पाट्टींनी ऐकलं, मान डोलावली, आत गेल्या. त्याला आता दोन आठवडे होतील. जिन्यात दिसल्या तर हसतात, पण गच्चीवर आल्या नाहीत. परवा आईने एकटीनेच कुरडया घातल्या. संध्याकाळी समोरचं दार लावलेलं असतं.

म्हणजे भाषा कळत नव्हती तोवर सगळं नीट होतं आणि कळायला लागली तेव्हा बिनसलं! त्यावरून ती बायबलातली मनोऱ्याची गोष्ट आठवली. सगळ्या माणसांची भाषा एकच होती, त्यांनी आभाळाला टेकणारा मनोरा बांधायला घेतला, देवाने भाषा वेगळ्या करून टाकल्या आणि काम थांबलं. आपल्याकडे अथर्ववेदाच्या भूमिसूक्तात याच्या उलट सूर आहे : 'जनं बिभ्रती बहुधा विवाचसं नानाधर्माणं पृथिवी यथौकसम्'. नाना भाषा बोलणाऱ्या, नाना रीतींच्या माणसांना एका घरातल्यासारखं सांभाळणारी पृथ्वी.

मग माणसाच्या भाषा अनेक आहेत ही शिक्षा की देणगी? तुमच्या तुमच्या परंपरेत याबद्दल काय सांगितलंय? राजकारण नको, प्लीज. (मला माहीत आहे कुणी ऐकणार नाही.)

कढीपत्ता | रविवार, रात्री १०:०५

वाचतेय. कुरडयांचा फोटो टाका.

तळ्यावरचा | रविवार, रात्री ११:२०

मी ठाण्याचा, बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. टेंभीनाक्यावर आमचं सिनेगॉग आहे, १८७९ सालचं. नाव 'शाअर हशामाईम', म्हणजे स्वर्गाचं दार. हे का सांगतोय ते खाली येईल.

बाबेलची गोष्ट उत्पत्तीच्या ११व्या अध्यायात आहे, अवघी नऊ वचनं. लोक ती एकटीच वाचतात. आधीचा, १०वा अध्याय म्हणजे नोहाच्या वंशाची यादी. कंटाळवाणा म्हणून सगळे गाळतात. पण त्यात तीनदा म्हटलंय की अमक्याचे वंशज आपापल्या देशांत, आपापल्या भाषांप्रमाणे पसरले. भाषा तिथे आधीच अनेक आहेत आणि देव अजिबात रागावलेला नाही! त्यामुळे 'भाषा म्हणजे शाप' हे एवढ्यावरून काढता येत नाही. आमच्या भाष्यकारांनी यावर पुष्कळ डोकं चालवलंय.

आता दाराचं. बॅबिलोनचे लोक स्वतःच्या शहराला 'बाब-इलु' म्हणायचे : देवाचं दार. हिब्रू लिहिणाऱ्याने त्याची 'बालल', म्हणजे कालवाकालव, या शब्दाशी कोटी केली. एकाच्या तोंडी देवाचं दार, दुसऱ्याच्या कानाला गोंधळ. भाषांच्या गोंधळाची गोष्ट मुळात अशा एका ऐकण्याच्या घोटाळ्यावर उभी आहे, हे मला फार आवडतं.

एक जुनी मिद्राश कथा आहे, म्हणजे धर्मग्रंथावरच्या आमच्या जुन्या भाष्यांतली. मनोरा इतका उंच झाला होता की विटा वर पोचवायला फार काळ लागे. वरून माणूस पडून मेला तर कुणी ढुंकून बघत नसे, पण वीट पडली तर बसून रडत, की आता दुसरी वर कधी यायची. आजोबा ही गोष्ट सांगताना 'वीट' शब्दावर थांबायचे. उलव्याला भाऊ राहतो. त्याच्या खिडकीतून क्रेन आणि पिवळी हेल्मेटं दिसतात, तेव्हा आठवते.

घरात विचाराल तर आमची प्रार्थना हिब्रूत, बाकी सगळं मराठीत. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. आमचे लोक मराठीत कीर्तनंही करत, अब्राहाम-मोशेच्या आख्यानांची. आणि जुनी माणसं सिनेगॉगला चक्क 'मशीद' म्हणायची. मशीद बंदर स्टेशनचं नाव आमच्या तिथल्या सिनेगॉगवरूनच पडलं असं आम्ही मोठ्या ऐटीत सांगतो.

मुंब्रा स्लो | सोमवार, सकाळी ७:४८

तळ्यावरचा, मशिदीचा किस्सा आवडला, तुमचा हक्क मान्य :)

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर अगदी थेट आहे. कुराणातली सूरह रूम, ३०:२२ : आकाशं आणि पृथ्वी निर्माण करणं, आणि तुमच्या भाषा नि रंग वेगवेगळे असणं, या त्याच्या निशाण्या आहेत. म्हणजे भाषांचा फरक आभाळाच्या पंगतीला बसवलाय. दुसरी, ४९:१३ : तुमची राष्ट्रं आणि कुळं केली ती 'लि-तआरफू', एकमेकांना ओळखावं म्हणून. अरबीत ते क्रियापद परस्परांचं आहे, एकट्याने करता येत नाही.

पण नमाज सगळीकडे अरबीतच, हेही खरंय. तुर्कस्तानात १९३२ पासून अजान तुर्की भाषेत द्यायला लावली होती. १९५० मध्ये अरबीची परवानगी मिळताच लोक परत अरबीकडे गेले. माझी आजी बाणकोटकडची, तिची बोली कोकणी. अरबी तिला अर्थासकट येत नव्हती. पण हजला गेली तेव्हा डावीकडे इंडोनेशियाची बाई, उजवीकडे कुठली तरी आफ्रिकेतली, आणि तिघींचं 'आमीन' एकदम. परत आल्यावर तिने काबाचं वर्णन कमी आणि त्या दोघींचं जास्त केलं. त्यामुळे 'एका भाषेची गरजच नाही' असंही मी म्हणणार नाही.

लोकल आली. बाकी नंतर.

पाणिनीचा पुतण्या | सोमवार, दुपारी १२:३१

धागाकर्त्याने भूमिसूक्त तेवढं उचललं. पण आपल्याकडचं सगळं एवढं गोड नाही.

पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरण का शिकायचं याची कारणं दिली आहेत. त्यातलं एक : असुरांना 'हे अरयः' (अहो शत्रूंनो) म्हणायचं होतं, ते 'हेलयो हेलयः' म्हणाले आणि हरले. म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छासारखं बोलू नये. र चा ल झाला एवढाच गुन्हा! 'म्लेच्छ' या शब्दाचं मूळच अस्पष्ट, अशुद्ध बोलणं हे आहे. धर्माच्या नावाने माणूस आतला की बाहेरचा हे उच्चारावर ठरवायची ही जुनी खोड.

तळ्यावरचा यांना जोडगोष्ट माहीत असेलच. बायबलातलं शास्ते, १२वा अध्याय. यार्देनच्या उतारावर गिलादी लोक प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावत. एफ्राइमी माणसाला श यायचा नाही, तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि तिथेच कापला जाई. आकडा दिलाय ४२,०००.

आपल्या नव्या मुंबईतला शिब्बोलेथ म्हणजे ळ. नेरूळ म्हणतोस की नेरूल? कळंबोली की कलंबोली? नुसत्या त्या एका अक्षरावरून समोरच्याचा जिल्हा, इयत्ता, लायकी सगळं ठरवून टाकतो आपण. मीही ठरवतो. बाकी ळ हा ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत आहे, 'अग्निमीळे'. नंतरच्या संस्कृतातून तो गेला, मराठीने ठेवला. तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळम, गुजराती, राजस्थानी, पंजाबी, ओडिया सगळ्यांकडे आहे. तेव्हा 'आमचा ळ' म्हणून छाती काढण्यात अर्थ नाही, पाट्टींचा ळ आपल्यापेक्षा खणखणीत असणार.

जुईनगर लोकल | सोमवार, दुपारी १:१५

ळ वर हसणं सोपं आहे. मला एका बँकेच्या काउंटरवर, माझ्याच गावात, मराठीत विचारलं म्हणून 'हिंदी में बोलिए' ऐकायला लागलंय. तेव्हा कुठलं सूक्त म्हणायचं तेवढं सांगा.

खाडीपलीकडचा | सोमवार, दुपारी १:२२

राजकारण नको म्हटलं होतं ना मालक.

जुईनगर लोकल | सोमवार, दुपारी १:२४

हे राजकारण नाही, कुठल्याही मंगळवारची सकाळ आहे.

ओवीबद्ध | सोमवार, रात्री ९:०२

जुईनगरचा मुद्दा टाळण्यासारखा नाही, त्याकडे येते. आधी एक प्रसंग.

महानुभावांमध्ये चक्रधरांनंतर नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास. त्यांच्या शिष्यांत संस्कृत पंडित बरेच. एकदा केशवदेव संस्कृतात ग्रंथ करायला निघाले तेव्हा भटोबास म्हणाले, नको गा केशवदेया, येणे माझिया म्हाताऱ्या नागवतील. माझ्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील! तत्त्वज्ञानाच्या भाषेचा निर्णय ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघून झाला. ग्रंथ केवढा विद्वत्तापूर्ण होईल, दूर काशीपर्यंत जाईल, हे सगळं बाजूला. एकनाथांनीही खडसावलंय की संस्कृत देवाने केली, तर प्राकृत काय चोरांपासून झाली?

मला वाटतं सगळ्या परंपरांत शोधण्याची जागा ही आहे : वाट कुणी चालायची? ज्याला जास्त येतं त्याने की ज्याला येत नाही त्याने? भटोबासांचं उत्तर स्पष्ट आहे. पंडिताने म्हातारीच्या अंगणात यायचं.

आता गंमत. चक्रधर मूळचे गुजरातचे, भडोचचे, असं संप्रदायच सांगतो. म्हणजे मराठीत धर्म सांगायचा हा आग्रह ज्याच्यापासून सुरू झाला तो माणूस बाहेरून आलेला. त्याने इथल्या लोकांची भाषा उचलली, आणि ती इतकी आपलीशी केली की आपण आज तिच्यावर अभिमानाची भाषणं करतो. संजाणला उतरलेल्या पारशांचीही गोष्ट तशीच : राण्याने ज्या अटी घातल्या त्यात इथली भाषा बोलायची ही एक होती, असं त्यांचा किस्सा सांगतो. ती अट त्यांनी अशी पाळली की आज पारशी गुजराती ही स्वतंत्र चीज आहे.

अवांतर : तुकोबांचा एक अभंग आहे, कानडी बाईने मराठा नवरा केला, एकाचं उत्तर एकाला कळेना. ती 'इल बा' म्हणून जवळ बोलावते आणि तो पळ काढतो! शेवटी तुकोबा देवाला म्हणतात, माझं असं करू नकोस. तुमच्या आई आणि पाट्टी वीस वर्षं याच्या उलट करून दाखवत होत्या.

जुईनगर लोकल | सोमवार, रात्री ९:३०

चक्रधरांचं उदाहरण चालेल. पण 'ज्याला जास्त येतं त्याने चालायचं' हा नियम इथे लावला तर काय होतं ते बघा. मला मराठी, हिंदी, इंग्रजी येतं. समोरच्याला एकच. म्हणजे दर वेळी मीच चालणार. चालून चालून माझ्या चपला झिजणार आणि तो म्हणणार, बघा, इथे मराठी कुणी बोलतच नाही.

ओवीबद्ध | सोमवार, रात्री ९:४१

खरंय. याला माझ्याकडे उत्तर नाही. भटोबासांच्या बाजूने एवढंच म्हणेन की काउंटरमागचा साहेब ही म्हातारी नव्हे. तिथे म्हातारी म्हणजे काउंटरपुढचे तुम्ही. आणि भटोबासांचं वाक्य त्याला ऐकवायचं आहे.

जुईनगर लोकल | सोमवार, रात्री ९:४४

हे मात्र घेतलं.

माडीवरची मरी | सोमवार, रात्री १०:१८

मी ठाण्याची ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची कॅथलिक ख्रिस्ती. ओवीबद्ध यांनी चालायचं म्हटलं त्यावरून आमचा पन्नासावा दिवस, पेंटेकॉस्ट. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. येरुशलेमला पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे, रोमचे, अरबस्तानचे लोक जमलेत. येशूचे शिष्य, गालीलातली गावंढळ माणसं, बोलायला लागतात आणि प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू येतं. बाबेलचा उतारा म्हणून ही गोष्ट सांगतात. पण नीट बघा, उतारा म्हणून देवाने पुन्हा एक भाषा केली नाही. पार्थी माणूस पार्थीच राहिला.

तरीही आमची मिस्सा शतकानुशतकं लॅटिनमध्ये होती बरं का! लोकांच्या भाषेला मोकळीक मिळाली १९६३ च्या निर्णयानंतर, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली गोव्यात, थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत लिहिलेलं क्रिस्तपुराण छापलं गेलं. इंग्रजाने! आणि मराठीची स्तुती अशी केली की आपल्या घरच्या कवीने करावी. म्हाताऱ्यांवरून पंडिता रमाबाई आठवल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं, सामान्य बायकांना कळावं म्हणून. छापखान्याचं काम आश्रमातल्या बायकांनीच केलं. पुस्तक १९२४ मध्ये आलं, त्या १९२२ लाच गेल्या होत्या. महानुभावांचे भटोबास आणि ख्रिस्ती रमाबाई एकाच अंगणात येऊन बसले म्हणायचे.

निळा_ऐरोली | मंगळवार, सकाळी ८:१०

आमचीही भर. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, यमेळु आणि तेकुल या दोन भावांची गोष्ट आहे. जन्माने ब्राह्मण, बोलणं गोड. तक्रार अशी की नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन म्हणून ते बिघडवतात. आम्ही ते छंदात बसवू का? तथागतांनी त्यांना झापलं आणि नियम केला : 'सकाय निरुत्तिया', स्वतःच्या बोलीत शिकायला अनुज्ञा. आता 'स्वतःच्या' म्हणजे भिक्खूच्या की बुद्धाच्या यावर वाद आहेच. पुढच्या काळातल्या बुद्धघोष या भाष्यकाराने बुद्धाची मागधी असा अर्थ लावला. म्हणजे बोली मोकळ्या करणाऱ्या वाक्याचंच पुढे कुलूप झालं. प्रत्येक धर्मात हे होतं बहुतेक.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्रिशरण-पंचशील पालीत झालं आणि बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी मराठीत दिल्या. माझे आजोबा तिथे होते. पाली त्यांना कानाने पाठ झाली, पण प्रतिज्ञा म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

हिरवा तारा | मंगळवार, दुपारी २:५५

एक बाजू राहिली. एक भाषा हवीच, पण घरच्या भाषेच्या शेजारी बसणारी, तिच्या जागी नव्हे, असं म्हणणारे लोकही धर्मवालेच आहेत. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांनी एकोणिसाव्या शतकात सांगितलं की जगाने मिळून एक भाषा निवडावी, असलेली किंवा नवी, आणि ती मातृभाषेच्या जोडीने सगळ्या शाळांत शिकवावी. बहाई लोक आजही ते मानतात. तिकडे डॉक्टर झामेनहोफ बियालिस्तोकला वाढला, जिथे यिडिश, पोलिश, रशियन, जर्मन बोलणारे एकमेकांवर डोळे वटारून होते. त्याने १८८७ मध्ये एस्पेरांतो ही सगळ्यांसाठी बनवलेली जोडभाषा जाहीर केली. स्वतः डोळ्यांचा डॉक्टर. त्याची मुलगी लिडिया बहाई झाली, एस्पेरांतो शिकवत देशोदेशी हिंडली आणि १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छावणीत मारली गेली. ज्यांनी तिला मारलं ते मात्र एकाच भाषेत हुकूम देत होते.

पाणिनीचा पुतण्या | मंगळवार, दुपारी ३:१०

आणि आता ती जोडभाषा इंग्रजी होऊन बसली आहे, कुणी न निवडता.

नाइट शिफ्ट | बुधवार, पहाटे ४:३७

ऐरोलीत कामावर आहे, ब्रेकमध्ये अख्खा धागा वाचला. भारी चाललंय. पण धागाकर्ते, मूळ मुद्दा सगळे विसरले : पाट्टी का रुसल्या?

माझं काम भाषांतराच्या सॉफ्टवेअरजवळचं आहे. अशा पुष्कळ यंत्रणा मराठीतून तमिळमध्ये सरळ जात नाहीत. मराठी-तमिळ जोडीचा मजकूर शिकवायला कमी, म्हणून मध्ये इंग्रजीचा थांबा. ठाण्याहून पनवेलला जाताना उगाच दादरला उतरायचं, तसं. आता तुमच्या आईचं वाक्य घ्या. "यंदा आपण कुरडया घालू." आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे. 'आपण'मध्ये समोरचा धरलेला, 'आम्ही'मध्ये वगळलेला. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. हिंदीतही 'हम'च. पण तमिळमध्ये पुन्हा दोन आहेत! समोरच्याला धरून 'नाम्', वगळून 'नांगळ'.

दादरला 'आपण'चा डबा सुटला, आणि पुढच्या गाडीत यंत्राने 'नांगळ' बसवला असेल, तर पाट्टींनी काय ऐकलं? "यंदा आम्ही कुरडया घालू. तुम्ही त्रास घेऊ नका, बसा."

कुणीही दार लावून घेईल.

ॲपमध्ये जुनी बोलणी साठलेली असतात. उघडून बघा.

ओवीबद्ध | बुधवार, सकाळी ६:५०

अंगावर काटा आला.

मुंब्रा स्लो | बुधवार, सकाळी ७:५०

लि-तआरफू. ट्रेनमध्ये उभ्याने वाचतोय, शेजारचा विचारतोय काय झालं.

पाणिनीचा पुतण्या | बुधवार, सकाळी ९:२२

नाइट शिफ्ट यांना दंडवत. आपण-आम्ही हा भेद मराठीत द्रविड भाषांच्या शेजाराने आला असं भाषातज्ज्ञ मानतात. संस्कृतात तो नाही. म्हणजे जो भेद हरवला तो मुळात पाट्टींच्या बाजूकडूनच आपल्याकडे आलेला.

माडीवरची मरी | बुधवार, सकाळी १०:४०

आमच्या प्रार्थनेतलं 'आमच्या स्वर्गातील बापा' आता दिवसभर डोक्यात फिरणार. 'आमच्या'च का? देवाशी बोलतोय, देव स्वतःचा बाप नाही, म्हणून 'आमच्या' बरोबर. पण शेजारी उभ्या बाईला ऐकू गेलं तर तिला काय वाटेल?

तळ्यावरचा | बुधवार, सकाळी ११:१५

मरी, चर्च आणि तळं एवढं जवळ आहे, चहाला भेटून बोलू. हा वाद उभ्याने संपणारा नाही.

जुईनगर लोकल | बुधवार, दुपारी १:०३

मला वाटलं होतं मी इथे भांडायला आलोय. पाट्टींचं काय झालं ते सांगा आधी.

ओवीबद्ध | बुधवार, दुपारी ४:२६

खाडीपलीकडचा उगवेपर्यंत एक. पाट्टी हरिपाठाला सूर कशा धरतात याचं नवल वाटलं असेल तर : तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. मराठी कीर्तन तिथे रुजलं, आणि तमिळ हरिकथेत ओवी, साकी, दिंडी, अभंग हे सगळं आजही आहे. कुंभकोणम भागातल्या भजनी मंडळींत आपले अभंग म्हणतात, म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना मराठी येत नसतानाही. जवळच गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे. पाट्टींना हरिपाठ इथे आल्यावर कळला असेल असं समजू नका. तो कदाचित त्यांच्या माहेरचा असेल.

खाडीपलीकडचा | गुरुवार, रात्री १०:३३

सगळ्यांनी मेसेज करून करून हैराण केलंय. सांगतो.

काल ऑफिसातून आल्यावर पाट्टींच्या नातीला बोलावलं, आईचा फोन दाखवला. तिने तमिळ ओळ वाचली. पहिलाच शब्द 'नांगळ'. ती आधी हसली, मग गप्प झाली. म्हणाली, आजी मला म्हणत होती की गुडघा गेला तशी मीही गेले, आता ते लोक करतील. मी तिला समजावलं होतं की आजी, वय झालं, आराम कर.

आईला सगळं समजावायला दहा मिनिटं लागली. इंग्रजीचा थांबा वगैरे तिने सोडून दिलं, तेवढंच धरलं की आपल्या तोंडून 'आम्ही' गेलं. "मी 'आपण' म्हटलं होतं," असं चारदा म्हणाली, जणू मी पोलिसात आहे. मग विचारलं, त्यांच्यात 'आपण'ला काय म्हणतात?

मी म्हटलं, नाम्.

"नाम?"

हो. बोलताना 'नाम' असंच होतं, नात म्हणाली.

आई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग "अगं बाई" एवढंच म्हणून पदर खोचला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. फोन माझ्याच हातात राहिला. पाट्टींनी दार उघडलं. आईने बोट स्वतःकडे केलं, त्यांच्याकडे केलं, म्हणाली, "नाम." परत एकदा, "नाम. कुरडई. नाम." पाट्टींनी काहीतरी लांबलचक उत्तर दिलं, ते मला कळलं नाही आणि नातीने भाषांतर करायला नकार दिला.

शनिवारी सकाळी गच्चीवर दुसरा घाणा आहे. खुर्ची वर नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. ॲप मुलाने काढून टाकावं का यावर घरात मतभेद आहेत. आईचं म्हणणं राहू दे, रेल्वेचं टाइमटेबल सांगतं ते.

एक अडचण. पाट्टींनी जाता जाता नातीकरवी एवढं मात्र सांगितलं की आईच्या कुरडया दर वर्षी आंबट होतात, वीस वर्षं सांगायचं राहून गेलंय. आईला हे कसं सांगू? आणि आंबट का होत असतील?

कढीपत्ता | गुरुवार, रात्री १०:४१

गहू किती दिवस भिजवता? तीन दिवस पुरे, आणि पाणी रोज बदलायचं, सकाळी नाही तर संध्याकाळी, पण रोज. चीक काढल्यावर रात्रभर ठेवून वरची निवळी पूर्ण ओतून टाका, थोडीशीही ठेवू नका. आंबटपणा तिथेच असतो. नवी मुंबईच्या उकाड्यात दोनदा पाणी बदललं तरी चालेल.

आणि फोटो अजून आला नाही.